बिल्डरला अजून किती गोंजारायचं? (वीस टक्क्यांतली घरं)

वाकडची_सून
काल एकाने पोस्ट टाकली होती की वीस टक्क्यांची सक्ती काढून टाका, बिल्डरला भरपूर एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानाने जास्त बांधकामाची परवानगी) द्या, स्वस्त घरं आपोआप होतील. आपोआप तर माझ्याकडे दूधही उतू जात नाही, आधी गॅस लावावा लागतो. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितेय.

२०१३ पासून नियम आहे, ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट असेल तर वीस टक्के बांधकाम छोट्या घरांचं, ३० ते ५० चौरस मीटरची, म्हाडाच्या लॉटरीतून द्यायची. आणि बिल्डर काही धर्मादाय करत नाही हो. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, बांधकाम खर्च आणि वर पंचवीस टक्के त्याला मिळतो, शिवाय तेवढा एफएसआय वेगळा. जेवण आमचं, दक्षिणाही आमचीच. तरी आमच्या मागच्या रस्त्याला प्लॉट नेमके ४००० च्या अलीकडे संपतात, कारण एकाच सातबाऱ्याच्या अचानक दोन वाटण्या होतात. नाशिकचं आठवतंय ना, २०२२ ला विधान परिषदेत केवढा गोंधळ झाला होता याच घरांवरून? सवलत द्यायला सगळे तयार, मोजायला कोणी नाही.

साइटवरचा_माणूस
ताई, पंधरा वर्षं साइटवर आहे म्हणून सांगतो. बांधकाम खर्च मिळतो हे बरोबर, पण जमिनीचे पैसे कुठे मिळतात त्यात? हिंजवडी-ताथवड्याला खरा खर्च जमिनीचाच आहे. तो जातो बाकीच्या ऐंशी टक्क्यांच्या खिशातून. मी स्वतः टू बीएचके घेतलाय, २०४१ पर्यंत हप्ते. तुमची समाजसेवा माझ्या ईएमआयवर चाललीय. गरिबाला घर द्यायचं तर सरकारने स्वतःच्या जमिनीवर बांधावं की, कोणी अडवलंय?

मीटर_डाऊन
प्रीमियम, म्हणजे जास्तीच्या बांधकामासाठी बिल्डर सरकारला भरतो ते पैसे, कमी केला की घर स्वस्त होतं म्हणणाऱ्यांनी २०२१ आठवा. राज्याने प्रीमियम निम्म्यावर आणले, अट एकच, गिऱ्हाईकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची. मी तेव्हा डोंबिवलीत घर बघत होतो. स्टॅम्प ड्युटी फ्री असं मोठ्ठं बॅनर आणि स्क्वेअर फुटाचा रेट दिवाळीपेक्षा दोनशेने वर. आता बोला.

लालबागचा_नातू
तुम्ही वीस टक्क्यांवर भांडताय, आमचे तेहतीस टक्के गेले. १९९१ चा नियम काय होता? गिरणीच्या जमिनीचे तीन भाग, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ ला त्यात हळूच घातलं की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीच्या आत मोकळं काय असणार, सायकल स्टँड? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. माझे आजोबा कताई खात्यात, तीस वर्षं. अर्ज भरला आजोबांनी, लॉटरी लागली आजी एकटी राहिल्यावर आणि घर मिळालं पनवेलच्या पलीकडे. लालबागहून आजीला तिथे न्यायचं म्हणजे सकाळचा डबा घेऊन निघायचं.

साइटवरचा_माणूस
गिरणीचा इथे काय संबंध? प्रत्येक धाग्यावर गिरणी.

लालबागचा_नातू
संबंध असा की शहराने बिल्डरला दिलेलं परत आलेलं आम्ही बघितलेलं नाही. तुमच्या साइटी उभ्या आहेत ना त्यावर, म्हणून टोचतंय.

लॉटरीतलं_घर
मी अशाच घरात राहते, कोणी विचारेल का आम्हाला? मी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, मिस्टर कंपनीच्या बसवर. लॉटरी लागली तेव्हा पेढे वाटले, मग दोन बँकांनी कर्ज नाकारलं कारण मिस्टरांचा अर्धा पगार रोख. शेवटी सासूबाईंचं सोनं मोडलं. आमची बिल्डिंग कॉम्प्लेक्सच्या मागे, ट्रान्सफॉर्मरशेजारी, गेट वेगळं. एकच प्लॉट, एकच मंजुरी, पण माझी मुलगी सायकल घेऊन पुढच्या गार्डनमध्ये गेली तर वॉचमनने विचारलं, "म्हाडाची का?" आणि परत पाठवली. आठ वर्षांची आहे हो.

साइटवरचा_माणूस
वाईट वाटलं. पण त्या गार्डनचा मेंटेनन्स आम्ही महिना साडेचार हजार भरतो. तुमची सोसायटी वेगळी, तुम्ही बाराशे भरता.

लॉटरीतलं_घर
आम्ही पूल नाही मागितला. फक्त पुढच्या गेटने रिक्षा आत येऊ द्या, मागच्या रस्त्याला दिवे नाहीत आणि माझी नाइट असते.

पूल_पार्टी
आज गेट, उद्या क्लबहाऊस, परवा पार्किंग. आमच्याकडे सेम झालं. बाहेरची पोरं येऊन लिफ्टमध्ये थुंकतात.

वाकडची_सून
बाहेरची म्हणजे कोण? तुमच्याकडे भांडी घासायला येते ती बाई आतली आणि तिची पोरं बाहेरची का?

पूल_पार्टी
पर्सनल जाऊ नका. तुम्ही स्वतः पुढच्या गेटनेच जाता ना?

वाकडची_सून
जाते. आणि गेल्या एजीएमला मागच्या गेटला कुलूप नको म्हणणारी मी एकटी होते, इतिवृत्तात आहे. सासरे अजून बोलत नाहीत माझ्याशी नीट.

मीटर_डाऊन
गेटवर पन्नास कमेंट होतील बघा. मूळ प्रश्न भाड्याचा आहे राव. नर्सला, ड्रायव्हरला विकत घर कशाला, भाड्याने द्या.

लालबागचा_नातू
दिलं की! २००८ ची एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर विकास प्राधिकरणाची, योजना. बिल्डरला चार एफएसआय आणि बदल्यात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्या. पुढे त्यात धोकादायक इमारतीतली माणसं नेऊन ठेवली. भाडेकरू योजना कुठे गेली ते शोधून सांगा, पेढे देतो.

साइटवरचा_माणूस
बरं, एक मान्य करतो, उगाच नाही म्हणणार. वीस टक्क्यांतल्या घरांना ओसी (राहायला जायचा दाखला) मिळाल्याशिवाय बाकीच्यांना द्यायची नाही, हा एकच नियम चावतो. आमच्या साइटवर साहेब त्याच एका बिल्डिंगसाठी रविवारी स्लॅब टाकायला लावायचे. बाकी सगळे नियम चहाबरोबर विरघळतात. सातबाऱ्याची वाटणी पण बघितलीय मी, नाही कशाला म्हणू. पण जमिनीच्या पैशाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

वाकडची_सून
चला, सूर्य पश्चिमेला उगवला. जमिनीचं उत्तर तो जास्तीचा एफएसआय आहे, तो बाजारभावाने विकता तुम्ही. नसेल पुरत तर हिशेब मांडा सगळ्यांसमोर, आम्ही पण बघतो.

साइटवरचा_माणूस
हिशेब साहेबांकडे असतो. मी खडी मोजतो.

लॉटरीतलं_घर
ताई, मागच्या गेटचं कुलूप रात्री अकराला लागतं. किल्ली कोणाकडे असते ते जरा विचाराल का?

वाकडची_सून
सेक्रेटरींकडे. म्हणजे सासऱ्यांकडे. बघते.