प्रतिसाद: मशेरीचं कोण विचारतंय?

म्हाताऱ्या माणसांचं बीपी मिठानं आणि लोणच्यानं वाढतं असा मुद्दा वरच्या लेखात मांडलाय तो बरोबरच आहे, त्यांचं बीपी काही नुसत्या टेन्शननं वाढत नाही. पण आपल्या निपाणी-चिकोडीकडच्या बायकांबद्दल बोलताना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, कशी काय सुटली? आमच्या मावशीला डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, बिडी काही?" ती ठामपणे नाही म्हणाली. खोटं नव्हती बोलत, तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची पूड. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी तंबाखूच ती, निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

बीपी मोजायच्या आधी निदान अर्धा तास तंबाखू आणि चहा-कॉफी नको असते. मावशी मात्र दवाखान्याच्या बाकावर बसूनच डबी उघडायची, मग आकडा १४०/९० च्या वर गेला की गोळीला शिव्या. घरातल्या म्हातारीला नेताना डॉक्टरांना हे तुम्हीच सांगा, आणि "मशेरी लावता का?" असं नाव घेऊनच विचारा. नुसतं तंबाखू म्हटलं तर उत्तर नाहीच येणार. सोडवायची कशी हे कुणाला जमलं असेल तर लिहा, आमच्याकडे अजून डबी लपवालपवीच चाललीय.