आलिआर्तोस : सरोवरातून निघालेली शेती

ग्रीसमधील लहान गावे ऑलिव्ह आणि पर्यटन यांवरच जगतात, असे मत मांडले जाते. त्याला अपवाद म्हणून मध्य ग्रीसच्या बिओशिया प्रदेशातील आलिआर्तोस या शेतीप्रधान गावाचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तेथील बरीचशी शेतजमीन माणसाने पाण्यातून बाहेर काढलेली आहे.

गावासमोरच्या सपाट मैदानात एकोणिसाव्या शतकापर्यंत कोपाइस हे विस्तीर्ण, उथळ सरोवर होते आणि त्याचे पाणी चुनखडीच्या डोंगरांतील विवरांतून समुद्राकडे झिरपत असे. मायसिनी काळातील (ग्रीसमधील कांस्ययुगीन संस्कृतीच्या काळातील) लोकांनी बांध आणि कालवे रचून त्यातील जमीन लागवडीखाली आणली होती, हे मला या परिसराचे सर्वांत मोठे वैभव वाटते. ती व्यवस्था कोलमडल्यावर पाणी परतले. अलेक्झांडरच्या काळात क्रेटीस या अभियंत्याने निचऱ्याचा प्रयत्न केला, पण तो पूर्ण झाला नाही. पुढे 1880च्या दशकात एका फ्रेंच कंपनीने काम हाती घेतले आणि ते नंतर ब्रिटिश कंपनीकडे गेले, जिचे मुख्य ठाणे आलिआर्तोसलाच होते.

इ.स.पू. 395 मध्ये स्पार्टाचा सेनापती लायसँडर येथे मारला गेला, म्हणून इतिहासग्रंथांत गावाचे नाव येते. परंतु सरोवर आटवून मिळालेली त्या ब्रिटिश कंपनीची जमीन कसणाऱ्या येथील कुळांच्या दृष्टीने खरी निर्णायक घटना म्हणजे 1950च्या दशकात ती जमीन ग्रीक सरकारकडे येऊन शेतकऱ्यांत वाटली गेली, ही होय. त्या मैदानात पुढे कापसाने मोठे स्थान मिळवले.