फियाट एक्स-वन-नाइनमध्ये होंडाचं इंजिन: टाकावं की नाही?

दादरचा_डिफरेन्शियल (धागाकर्ता)
मामाची 1979 ची फियाट एक्स-वन-नाइन हिंदू कॉलनीत ताडपत्रीखाली उभी आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दोन सीटर, बर्टोनीची पाचरीसारखी बॉडी, छत काढून पुढच्या डिकीत ठेवता येतं, आणि इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे, आडवं. 1498 सीसी, 85 घोडे. हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) याआधीही उडालंय, पण या वेळी हेडच दोन व्हॉल्व्हच्या मधे तडकलंय. रेडिएटरची कॅप उघडली की तपकिरी फेस वर येतो.

प्रभादेवीचे आमचे मिस्त्री म्हणतात, किती वेळा खोलायचं? जुन्या होंडा सीआर-व्हीचं 2.4 लिटरचं इंजिन, म्हणजे के-24, कुर्ल्याला कटिंगमधलं (मोडीत काढलेल्या गाडीचं) बघू. टायमिंग बेल्टऐवजी चेन, दीडशेच्या आसपास घोडे, पार्ट कुठेही मिळतो.

माझं मत: टाकावं. या गाडीत एवढं पवित्र काय आहे? फियाटने 128 ही पुढच्या चाकांवर चालणारी घरगुती गाडी घेतली, तिचं इंजिन-गिअरबॉक्स उचलून सीटमागे ठेवलं आणि स्पोर्ट्स कार म्हणून विकली. टोयोटाने 1984 ला एमआर-टू काढताना कोरोलाच्या सामानावर हेच केलं. मग आपण होंडाचं उचललं तर कुठला धर्म बुडतो?

जुनाबाज
साफ असहमत. केंद्राच्या 2021 च्या नियमानुसार 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. तुमची गाडी 2029 ला पन्नाशी गाठेल. थोडक्यासाठी हातचं घालवताय. मामांना विचारलंत का तरी?

दादरचा_डिफरेन्शियल
मामांनी चावी माझ्याकडे देऊन हात झटकलेत. आणि व्हीए प्लेट घेऊन करू काय? त्या प्लेटची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, बस्स. मला रविवारी पहाटे वरळी सी-फेसला चक्कर मारायचीय, रांगेत उभं राहून फोटो काढून घ्यायचे नाहीत.

तारदेव_टोकन_नं_अमुक
चक्कर मारा हो, पण आरसी बुकात इंजिन नंबर फियाटचा आणि गाडीत होंडाचा, हे कसं निस्तरणार? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2019 ला स्पष्ट केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी तेच बघणार. आरटीओत "सब होता है" सांगणारे भेटतील, ते क्लेमच्या वेळी फोन उचलत नाहीत.

डबल_क्लच
कायदा बाजूला ठेवून बोलतो (हलके घ्या). मिड-इंजिन गाड्यांचा अर्धा इतिहास उसन्या इंजिनांचा आहे. लोटसच्या 'युरोपा' गाडीत रेनो 16 चं इंजिन उलटं फिरवून बसवलेलं. लॅन्शिया स्ट्रॅटोसमध्ये फेरारी डिनोचं व्ही-6, आणि त्यावर 1974, 75, 76 अशी लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड रॅली जिंकले. डी टोमासो पँटेरात फोर्डचं व्ही-8. मॅक्लारेन एफ-वनमध्ये बीएमडब्ल्यूचं व्ही-12. आपल्याकडे काँटेसात इसुझूचं 1.8 आलं तेव्हा कुणी सुतक पाळलं का? आज लोक इसुझूवालीच शोधत फिरतात.

जुनाबाज
अहो, ते सगळं कंपन्यांनी केलं, ड्रॉइंग बोर्डावर, इंजिनाच्या मापाने गाडी बेतून. इथे ग्राइंडर घेऊन फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते) कापणारा माणूस बेतणार. फरक आहे की नाही?

डबल_क्लच
अमेरिकेत एकाने फेरारी 308 मधला व्ही-8 काढून के-24 टाकलं. शिव्या भरपूर खाल्ल्या, पण काम बघा एकदा.

जुनाबाज
बघितलं. काम सुरेख आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

लेथवाली
तुम्ही दोघं भांडा, मी मूळ दुखण्याकडे येते. आमचं मशीन शॉप आहे, हेड फेसिंगला (घासून सपाट करायला) रोज येतात, त्यामुळे सवयीने विचारते: हेड तडकलं *का*?

या गाडीत इंजिन मागे आणि रेडिएटर थेट नाकात. मधे पाण्याचे दोन लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. इतकी वर्षं साधं नळाचं पाणी घातलं असेल तर आतून गंज धरलेला असतो. त्यात पाणी भरताना हवा नीट काढली नाही, तर ती वरच्या बाजूला अडकते. मग काय होतं बघा. पंखा चालू करणारा स्विच रेडिएटरवर. गरम पाणी तिथवर पोचतच नाही, म्हणून पंखा फिरत नाही. इंजिनावरचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत, म्हणून डॅशवरचा काटा बिनधास्त मधे. सायन सर्कलला तीन सिग्नल थांबलात की हेडचं काम तमाम.

आता त्याच पाइपांवर, त्याच रेडिएटरवर जवळजवळ दुप्पट ताकदीचं इंजिन टाकणार. ताकद वाढली की काढायची उष्णताही वाढली. होंडाचं हेडही अॅल्युमिनियमचंच आहे.

शिवाय के-24 चा ब्लॉक होंडाच्याच 2 लिटरच्या के-20 पेक्षा उंच. इंजिनावरचं झाकण बंद होतंय का, ते आधी पट्टीने मोजा.

जुनाबाज
लेथवाली, +100. मिस्त्रींनी गास्केटं बदलली, पाइप कुणी बघितलेच नाहीत!

कुर्ला_सीएसटी_रोड
मधला रस्ता सांगू? पालिओ 1.6. आपल्या कुर्ल्यातच बनायची. तिचं इंजिन त्याच जुन्या 128 च्या घराण्यातलं आहे. तुमच्या 1500 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 86.4 मिमी, पालिओचाही 86.4, फक्त स्ट्रोक (पिस्टनची धाव) 63.9 वरून 67.4 झालाय. सोळा व्हॉल्व्ह, इंजेक्शन, शंभर घोडे. बेलहाउसिंग (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारं कवच) आणि फाउंडेशन जुळतंच असं समजू नका, दोन्ही शेजारी ठेवून मापं घ्या. पण निदान बॉनेटवरचा बिल्ला खोटा ठरणार नाही.

तारदेव_टोकन_नं_अमुक
नंबर तरीही वेगळाच. आरटीओला घराणं कळत नाही.

डबल_क्लच
पालिओ 1.6 पिणारी गाडी होती राव, पेट्रोल पंपावर पास काढावा लागायचा. तरी सूचना आवडली.

दादरचा_डिफरेन्शियल
लेथवाली, दोन्ही पाइप काढून बघतो, रेडिएटर रॉडिंगला (आतल्या नळ्या सळईने साफ करायला) देतो. ते कुठलंही इंजिन टाकलं तरी करावंच लागणार. पण हेड गेलंय ते गेलंयच. वेल्डिंग करून आणलेलं हेड मुंबईच्या मे महिन्यात किती टिकतं ते तुम्हीच सांगा. माझं मत होंडालाच.

लेथवाली
दोन व्हॉल्व्हच्या मधली चीर असेल तर मी वेल्डिंग घेतच नाही, गिऱ्हाईक परत पाठवते. दुसरं हेड शोधा. युरोपात या गाडीचे शौकीन पुष्कळ आहेत, सामान मिळतं.

जुनाबाज
तेच म्हणतोय. हेडचा भाव कस्टम ड्युटीसकट काढा आणि इथे टाका. शेजारी होंडाचा हिशोब: इंजिन, फाउंडेशन, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), मजुरी. मिस्त्रींकडून लिहून घ्या, तोंडी नको.

दादरचा_डिफरेन्शियल
मिस्त्री लिहून देत नाहीत.

जुनाबाज
का बरं देत नसतील?