ऊसतोडीच्या करारात बाईची सुरक्षा का नसते?

कोपीतली लेक (धारूर)
माझ्या आईवडिलांनी २१ हंगाम ऊस तोडला, म्हणून लिहिते. संघटनेनं कोयता बंद, म्हणजे तोडणी बंद ठेवायचा इशारा दिला की कारखान्यांचा साखर संघ बोलणीला बसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, मजूर पुरवणाऱ्या मुकादमांचं कमिशनही वाढलं. मग त्याच ताकदीवर बाईच्या अंगावर हात टाकणाऱ्या मुकादमाचं काम बंद करायची अट संघटना का घालत नाही? रात्री गाडी भरताना उजेड, राहायच्या कोप्यांजवळ संडास, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवराबायको दोघांच्या सहीनं, एवढं तरी करारात यायला हवं. कोयता म्हणजे जोडी, पण उचल एकट्या नवऱ्याच्या नावावर. मुकादमाविरुद्ध बाईनं तोंड उघडलं की न फिटलेली उचल आडवी येते.

गेवराईकर
ताई, ९ वर्षं संघटनेचं काम करतोय. संघटनेवर नको तो भार टाकू नका. करारात असल्या अटी आणल्या की कारखानदार त्यांवरच घोळ घालतील आणि टनाचा दर मागं पडेल. आधी भाव. छेडछाडीला पोलीस आहेत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे.

वकीलबाई, लातूर
त्या कायद्याचं काय होतं ते सांगते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, तीही ३ महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी ३. आता बीडची बाई कोल्हापूरच्या फडात. प्रकार तिथं घडला, समिती तिथली, आणि पट्टा पडला, हंगाम संपला की ही गावाकडं. चकरा कोण मारणार? दोन्ही जिल्ह्यांत माणसं फक्त संघटनेचीच असतात. जगभरच्या कामगार संघटनांनी लावून धरलं म्हणून २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामावरच्या हिंसेविरुद्धचा १९० वा करार झाला. भारतानं तो अजून मंजूर केलेला नाही.

माजलगावची
हे संघटनेवर सोपवायला माझाही विरोध आहे, पण गेवराईकरांसारखा नाही. संघटनेत पुढं कोण असतं? कितीतरी ठिकाणी मुकादमच. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच ओट्यावर जायचं का? २०१९ ला सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पत्रकारांनी आणि बायकांच्या संस्थांनी आवाज उठवला म्हणून ती पाहणी झाली. बायकांची वेगळी फळी उभी करा, या पुरुषांच्या भरवशावर राहू नका.

कोपीतली लेक (धारूर)
मुकादमांचं पटलं. तोडणारे आणि मुकादम एकाच संघटनेत नकोच, आणि बोलणीला तोडणाऱ्या बायकाच बसल्या पाहिजेत. पण पिशवीचं मूळ बघा. पाळीत, दुखण्यात एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड मजुरीपेक्षा जास्त. त्या धाकानं बाई डॉक्टरकडं जाते आणि पिशवी काढून परत फडात उभी राहते. मी याला हिंसाच म्हणते. गेवराईकर दादा, खाडा हा मजुरीचाच प्रश्न आहे ना? मग तो तुमच्या मागण्यांत पहिला का नाही?

गेवराईकर
खाड्याचं मान्य. आमच्याकडून मागं राहिलं, पुढच्या बैठकीत मांडतो. पण दोघांच्या सहीला माझा विरोध कायम. आज कर्ज नवऱ्याचं आहे. उद्या तो मेला किंवा पळाला, तर मुकादम सही दाखवून तिच्या दारात उभा राहील. तिला अडकवायला तुम्हीच दोरी देताय.

कोपीतली लेक (धारूर)
दादा, माझे चुलते वारले त्याच दिवाळीला मुकादम चुलतीच्या दारात आला. तिची सही कुठंच नव्हती. ती उचल तिनं पुढचे दोन हंगाम अर्धा कोयता होऊन फेडली.