उशिराच्या थंडीने पालवी काळी पडली: आत्ताच छाटणी करावी का?

प्रश्न
हायड्रेंजियाची (गोल गुच्छांनी फुलणारं झुडूप) आणि दोन कलमी गुलाबांची नवी पालवी बोटभर आली होती. परवा रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी पानांवर दव गोठलेलं होतं, दुपारपर्यंत पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी लिबलिबीत झाली आणि आज शेंडे काळे पडलेत. काळं झालेलं सगळं छाटून युरिया द्यावा का? चार दिवसांत आणखी एक थंड रात्र सांगितली आहे.

प्रतिसाद १
छाटणी आत्ता अजिबात नको. शेंडा कापला की त्याखालचे झोपलेले डोळे (काडीवरचे न फुटलेले कोंब) फुटू लागतात, आणि तो फुटवा नेमका पुढच्या थंडीत सापडतो. झाडाचा साठा दोनदा खर्च होतो. शिवाय वाळलेली पानं खालच्या डोळ्यांवर थोडं पांघरूण घालतात, ती राहू द्या. फक्त करडी बुरशी दिसली तर तेवढा भाग काढा.

थंडीचा धोका संपला की आणखी दोन-तीन आठवडे थांबा. मग काडीच्या शेंड्याजवळ साल नखाने हलकेच खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर काडी जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर मेलेली. दोन-दोन बोटं खाली सरकत हिरवं लागेपर्यंत बघा आणि तिथल्या जिवंत डोळ्याच्या साधारण ५ मिमी वर छाटा. गुलाबाच्या कापात मधला गाभा पांढरट दिसायला हवा. तपकिरी असेल तर अजून खाली जा.

युरिया नकोच. नत्राने फुटवा पाणीदार आणि लुसलुशीत येतो आणि गारठ्यात तोच आधी जातो. नव्या फुटीची चार-पाच पानं उलगडली की चांगलं कुजलेलं शेणखत किंवा १०:१०:१० खत (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात), चौरस मीटरला ३० ग्रॅम, मातीत मिसळून पाणी द्या. तोवर माती ओलसर ठेवा, चिखल नको. पानं गेल्यामुळे झाड पाणी कमी ओढतं, अशा वेळी मुळं कुजतात.

प्रतिसाद २
हायड्रेंजियाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. गोल गुच्छांच्या जातीत फुलांचे डोळे मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी, जुन्या काडीच्या टोकाला तयार झालेले असतात. ते गेले असतील तर यंदा फुलं कमीच येणार, पण झाड मेलेलं नाही. घाबरून ते जमिनीलगत छाटू नका. खालच्या जोडीतल्या एखाद्या डोळ्यातूनही गुच्छ येऊ शकतो. शंकूसारख्या गुच्छांच्या जाती त्याच वर्षीच्या फुटीवर फुलतात, त्यांचा बहर फक्त उशिरा येतो. गुलाबाचंही तसंच.

गुलाबात मात्र नवी फूट कुठून येते हे नीट पाहा. कलमाच्या सांध्याच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मूळ झाडाचा असतो. वरचा भाग दुखावलेला असताना तो जोमाने वाढतो आणि कलम दाबून टाकतो. माती बाजूला करून मुळापासून उपटा. वरून कापला तर पुन्हा फुटतो.

प्रश्नकर्ता
फार मदत झाली. थंड रात्रीसाठी संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडलं तर चालेल का?

प्रतिसाद ३
नाही. एकदाच शिंपडलेलं पाणी पानावरच गोठतं. फळबागांत फवारे चालवतात, पण ते पारा शून्यावर येण्याआधी सुरू होतात आणि बर्फ वितळेपर्यंत अखंड चालतात. पाणी गोठताना सोडत असलेली उष्णता कळ्यांना वाचवते. मध्येच थांबलं तर नुकसान वाढतं.

घरच्या बागेत दुपारी मातीला पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते. सूर्य मावळायच्या आधी झुडपाभोवती चार काठ्या रोवून जुनी चादर जमिनीपर्यंत सोडा, कडांवर विटा ठेवा. चादर खोडाला गुंडाळून बांधली तर जमिनीची ऊब आत शिरतच नाही. नुसतं प्लास्टिक पानाला टेकलं की तिथेच पान गोठतं. सकाळी बर्फ वितळला की चादर काढा. गोठलेल्या पानांवर पहाटेचं ऊन थेट पडलं तर ती झपाट्याने वितळून जास्त फाटतात, म्हणून पूर्वेकडची बाजू थोडी उशिरा उघडा.

थर्मामीटर झुडपाच्या उंचीवर ठेवा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री डोक्याच्या उंचीवर ३ अंश दिसत असताना जमिनीलगत शून्याखाली गेलेलं असू शकतं.