सान राफाएल हिमनदी: सहा दिवसांची बोट की एका दिवसाची फेरी?

डोंगरवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी पत्नी (वये ६३ आणि ५९) चिलीला जाण्याचा बेत करीत आहोत. आठ वर्षांपूर्वी आम्ही गंगोत्रीहून गोमुखापर्यंत चालत गेलो होतो. तेव्हापासून हिमनद्यांची जी ओढ लागली ती कमी झालेली नाही. आता एखादी हिमनदी थेट खाऱ्या पाण्यात उतरताना पाहावी, अशी इच्छा आहे. शोध घेताना चिलीच्या आय्सेन प्रांतातील सान राफाएल हे समुद्राशी जोडलेले सरोवर आणि त्यात उतरणारी त्याच नावाची हिमनदी, ही नावे वारंवार समोर आली. त्या सरोवरापर्यंत रस्ता जात नसल्यामुळे बोटीला पर्याय नाही, एवढे समजले. परंतु कोणती बोट, याबाबत निर्णय होत नाही.

एक पर्याय पुएर्तो मॉन्तहून निघून बेटांमधल्या चिंचोळ्या जलमार्गांनी जाणाऱ्या पाच-सहा दिवसांच्या सफरीचा आहे. दुसरा पर्याय पुएर्तो चाकाबुकोहून पहाटे निघून रात्री परतणाऱ्या जलद बोटीचा आहे. दोन्हींच्या खर्चात कित्येक पटींचा फरक आहे, आणि तो फरक नेमका कशासाठी मोजायचा, हे मला कळलेले नाही. शिवाय पत्नीला बोट लागते; गेटवेहून मांडव्याला जाताना वारा थोडा वाढला, तरी ती डोळे मिटून बसते. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. एका परिचितांनी तर असे सुचविले आहे की, पुएर्तो मॉन्तहून पुएर्तो नातालेसला जाणारे जहाज घ्यावे, म्हणजे दक्षिणेकडे जाता जाता हिमनदीही आपोआप पाहून होईल. ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खारा वारा

आम्ही काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतच सहा दिवसांच्या बोटीने गेलो होतो. सर्वप्रथम जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही ती गोष्ट सांगतो. सहा दिवसांपैकी हिमनदीसमोर आम्ही जेमतेम अर्धा दिवस होतो आणि उरलेले सगळे दिवस जलमार्गांचे होते. म्हणून निर्णय घेताना हिमनदी पाहायची आहे का, हा प्रश्न विचारू नका, कारण ती दोन्ही बोटींतून दिसते. पावसात भिजलेले निर्मनुष्य किनारे काचेआडून तासन् तास पाहत बसणे आपल्याला मानवेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

मला ते मानवले. पुएर्तो मॉन्त सोडल्यावर डाव्या हाताला मुख्य भूमीचे ज्वालामुखी आणि उजव्या हाताला चिलोए बेट ठेवून बोट दक्षिणेकडे सरकते. मोरालेदा जलमार्गात शिरल्यानंतर दोन्ही बाजूंचे जंगल अगदी भरतीच्या रेषेपर्यंत उतरलेले दिसू लागते आणि त्या हिरव्या भिंतींवरून ठिकठिकाणी पाण्याच्या बारीक धारा खाली येत असतात. जुलै महिन्यातला वरंध घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दृश्याची कल्पना येईल. फरक इतकाच की येथे घाटाचा पायथा समुद्रात बुडालेला आहे. वाटेत पुएर्तो आगिर्रे हे कोळ्यांचे छोटे गाव लागते, तेथे उतरून लाकडी घरांमधून तासभर फिरता येते. कित्राल्को फियॉर्डमधील (फियॉर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद, खोल खाडी) गरम पाण्याचे झरे हा सफरीतील दुसरा थांबा होता. अंगावर थंड पाऊस आणि गळ्यापर्यंत कढत पाणी, ही अवस्था वर्णन करण्यापेक्षा अनुभवावी अशीच आहे. नाराजी एकाच गोष्टीची वाटली: ज्या जलमार्गांना जाहिरातपत्रक अस्पर्श म्हणते, त्यांच्या अनेक वळणांवर सॅमन माशांच्या शेतीचे गोल पिंजरे ओळीने तरंगत असतात. ते दिसणार, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

हिमनदीच्या दिवशी एलेफान्तेस आखात संपून बोट रिओ तेम्पानोस नावाच्या अरुंद वाटेने सरोवरात शिरते. या नावाचा अर्थच हिमनगांची नदी असा आहे. मोठी बोट बर्फ पाहून एका जागी थांबते, मग पंधरा-वीस जणांना लहान बोटीत उतरवून तरंगत्या हिमनगांमधून पुढे नेतात. समोरचा कडा सुमारे दोन किलोमीटर रुंद आहे, आणि लांबून तो बेताचा वाटत असला, तरी त्याच्या पायथ्याशी दुसरी एखादी बोट दिसली की आपला अंदाज किती चुकला होता हे उमगते. बर्फाचा मोठा तुकडा सुटतो, तेव्हा तो आधी कोसळताना दिसतो आणि आवाज त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी येतो. मग लाट येते, आणि तिच्यासाठीच नावाडी अंतर राखून असतो. अधिक जवळ नेण्याचा आग्रह आमच्यापैकी एकाने धरला होता, परंतु नावाड्याने मान हलवण्यापलीकडे उत्तर दिले नाही. परतताना पाण्यातला बर्फाचा तुकडा ओढून घेऊन त्यावर व्हिस्की ओतून देण्याचा रिवाज आहे. शाकाहारात ती बसते, निर्व्यसनीपणात बसत नाही, हे तुमचे तुम्ही पाहा.

वहिनींच्या त्रासाबद्दल मात्र गंभीरपणे लिहितो. बेटांमधले पाणी विहिरीसारखे शांत असते, पण तेथे पोहोचण्यापूर्वी कोर्कोवादो आखात ओलांडावे लागते. चिलोएच्या दक्षिण टोकापाशी किनारा खुल्या पॅसिफिककडे उघडा पडतो आणि तिकडची लाट थेट आत येते. आमच्या बोटीत त्या रात्री जेवणाच्या दालनात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गोळी घ्यायची असेल, तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते. पोट ढवळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. खोली निवडताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यभागाजवळची घ्यावी, कारण हेलकावा तेथे सर्वांत कमी जाणवतो.

हिमरेषा

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. तुमच्या परिचितांनी सुचविलेल्या जहाजाबद्दल मात्र स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्या सल्ल्यामागे नकाशाविषयीचा एक सर्रास होणारा गैरसमज आहे.

पुएर्तो नातालेसचे जहाज सान राफाएलला जात नाही आणि जाऊही शकत नाही. मोरालेदा आणि एलेफान्तेसच्या वाटेने दक्षिणेकडे येणारे सुरक्षित पाणी सान राफाएल सरोवरापाशी संपते. त्याच्या पलीकडे ओफ्की नावाची जमिनीची सखल, दलदलीची चिंचोळी पट्टी आहे, आणि तीच ताइताओ द्वीपकल्पाला मुख्य भूमीशी जोडते. ही पट्टी खणून कालवा काढावा, म्हणजे जहाजांना खुल्या समुद्रात जावे लागणार नाही, या हेतूने चिली सरकारने १९३७ मध्ये काम सुरू केले आणि १९४३ मध्ये ते सोडून दिले. त्याच काळात सरोवराच्या काठी एक हॉटेलही उभारण्यात आले होते. पुढे त्याची इमारत राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकांच्या वापरात आली. कालवा झाला नाही, त्यामुळे नातालेसच्या जहाजाला आजही ताइताओला बाहेरून वळसा घालावा लागतो आणि त्यानंतर पेनास आखात ओलांडावे लागते. ‘पेनास’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ दुःखे असा होतो, आणि ज्यांना मांडव्याची लाँच सोसत नाही, त्यांना हा अर्थ शब्दकोश न उघडता कळेल. त्या प्रवासाचे स्वतःचे वैभव आहे: मेसिएर जलमार्ग, कावेस्कार या तेथील मूळ रहिवाशांची वस्ती असलेले पुएर्तो एदेन, आणि पाण्यातल्या एवढ्याशा फटीतून जहाज नेण्याचे कौशल्य. पण तो वेगळा प्रवास आहे. त्याला सान राफाएलचा पर्याय मानू नये.

तुम्ही गोमुखाचा उल्लेख केला, म्हणून थोडे विषयाच्या अंगाने लिहितो. गोमुखाचे बर्फ सुमारे चार हजार मीटर उंचीवर संपते, सान राफाएलचे समुद्रसपाटीवर. हे ठिकाण ध्रुवाजवळ असावे असे वाटते, पण त्याचा अक्षांश सुमारे ४६ अंश ४० मिनिटे दक्षिण आहे, म्हणजे उत्तर गोलार्धात ज्या अक्षांशावर आपल्याकडच्या सहलींचे आवडते इंटरलाकेन वसले आहे, जवळपास तोच. समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांमध्ये विषुववृत्ताला सर्वांत जवळची म्हणून ही ओळखली जाते. याचे कारण कडाक्याच्या थंडीत नसून ओलाव्यात आहे. पॅसिफिकवरून येणारे पश्चिमी वारे अँडीजला धडकतात आणि वरच्या उत्तर पातागोनिया हिमक्षेत्रावर प्रचंड हिमवर्षाव करतात. सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या त्या हिमक्षेत्रातून येणारा बर्फाचा रेटा इतका मोठा आहे की, मुखाजवळ ही हिमनदी दिवसाला १५ मीटरहून अधिक वेगाने सरकत असल्याचे मोजले गेले आहे. एवढ्या वेगाने पुढे येऊनही ती मागे हटत आहे, कारण मुखाशी तुटणारे आणि वितळणारे बर्फ येणाऱ्या बर्फापेक्षा अधिक आहे. १८७१ मध्ये चिलीच्या नौदलाचे एन्रिके सिम्प्सन येथे आले, तेव्हा बर्फाची जीभ सरोवरात दूरवर पसरलेली होती. आज तिचे मुख डोंगरांमधल्या दरीत मागे गेले आहे. लहान बोटीतून ज्या पाण्यावरून तुम्हाला नेतील, त्याचा बराचसा भाग त्या काळी बर्फाखाली होता. १९५९ मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

एक छोटी पुस्ती. पावसाळी दिवस लाभला, तर निराश होऊ नका. ढगाळ प्रकाशात बर्फाचा निळा रंग अधिक गडद दिसतो, आणि लख्ख उन्हात तोच कडा बराच पांढरट, भगभगीत वाटतो.

मुक्काम सांतियागो

मी कामानिमित्त चिलीत राहतो आणि खारा वारा यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. ज्यांच्या सोबत्याला बोट लागते, त्यांनी पुएर्तो मॉन्तहून निघूच नये. सांतियागोहून बाल्मासेदाच्या विमानतळावर उतरावे, कोयाइकेला राहावे आणि चाकाबुकोहून एक दिवसाची बोट घ्यावी. चाकाबुको हे कोर्कोवादोच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे ते त्रासदायक आखात या वाटेवर येतच नाही. बोटीला जायला सुमारे पाच तास आणि यायला तितकेच लागतात. दिवस लांबतो, पण रात्री पाठ टेकायला जमीन मिळते. याहून छोटा जलप्रवास हवा असेल, तर पुएर्तो रिओ त्रांकिलोहून एक्स्प्लोरादोरेस खोऱ्याच्या कच्च्या रस्त्याने किनाऱ्यापर्यंत जाऊन तेथून लहान बोटीने सरोवर गाठता येते. मात्र त्या बोटी खरोखरच लहान असतात आणि एलेफान्तेसमध्ये वारा उठला, तर फेरी रद्द होते, म्हणून हाताशी एक दिवस राखून ठेवावा.

जलमार्गांची हौसही भागवायची असेल, तर चिलोएच्या दक्षिण टोकाच्या केयोनहून चाकाबुकोला जाणारी स्थानिक फेरी आहे. ती तीस तासांच्या आसपास घेते आणि वाटेतल्या वस्त्यांना किराणा, गॅस सिलिंडर व माणसे पोहोचवत जाते. खोली नसते, आरामखुर्चीवर झोपावे लागते, आणि कोर्कोवादो अर्थातच टळत नाही. पण तिच्यावर बसल्यावर या बेटांवर माणसे कशी राहतात, हे दिसते. सहलीच्या बोटीवर बसून प्रामुख्याने सहप्रवासी दिसतात.

जेवणाबद्दल: आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, आणि केवळ ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून थांबू नये. येथे ‘कार्ने’ म्हणजे बहुतेकांच्या मनात गोमांस असते, त्यामुळे कोंबडी किंवा मासा वाढून कोणी तुमची फसवणूक केली असे होत नाही. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस’ (कोंबडी नको, मासा नको, कोळंबी-शिंपल्यांसारखे समुद्री खाद्य नको) असे एकेक नाव घेऊन सांगावे. तरीही पाव, बटाटे, चीज, अंडी चालत असल्यास ती, आणि कोशिंबीर यांवरच मुख्यतः भागवावे लागेल. घरून खाऊ आणणार असाल, तर विमानतळावरच्या कृषी खात्याच्या अर्जात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा. बियाणे, फळे, मध आणि दुधाचे पदार्थ यांबाबत चिली अतिशय कडक आहे आणि न सांगता आणलेल्या साध्या सफरचंदालाही दंड होतो. भाजलेला, बंद पाकिटातला चिवडा मी जाहीर करून अनेकदा आणला आहे. तूप मात्र एकदा तेथेच सोडून यावे लागले.

डोंगरवाट

सर्वांचे मनापासून आभार. नातालेसचे जहाज यादीतून वगळले आहे, आणि परिचितांना नकाशा पाठवला आहे. पत्नीने तिन्ही प्रतिसाद वाचले व कोर्कोवादोचा परिच्छेद दोनदा वाचला. तिचे म्हणणे असे की, चाकाबुकोची एक दिवसाची बोट दोघांनी मिळून घ्यावी, आणि मला जलमार्गांची एवढी हौस असेल, तर केयोनची फेरी मी एकट्याने घ्यावी. ती विमानाने येऊन मला कोयाइकेला भेटेल. मला हे मान्य आहे. आरामखुर्चीवर तीस तास काढताना थंडीचा त्रास कितपत होतो, आणि झोपण्याची पिशवी न्यावी का?

मुक्काम सांतियागो

आत हीटर असतो, त्यामुळे पिशवीची गरज नाही. एक पातळ शाल पुरते. मात्र डेकवर उभे राहायचे असेल, तर पाणी खरोखर रोखणारे जाकीट आणि तशीच विजार हवी, कारण तेथे छत्री उघडली की पहिल्या दहा मिनिटांतच ती उलटी होते. आणि पोर्ट साइडची, म्हणजे डाव्या बाजूची खिडकी धरा. मुख्य भूमीचे फियॉर्ड आणि बर्फाच्छादित शिखरे जाताना त्याच बाजूला असतात.