मदत हवी आहे: ब्राँझ पुतळ्यावरचं मेण आणि हिरवे ठिपके

लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधल्या गांधीजींच्या पुतळ्यासारख्या (१९६८, शिल्पकार फ्रेडा ब्रिलियंट) उघड्यावरच्या ब्राँझबद्दल विचारायचं आहे. लोक श्रद्धेने फुलं, मेणबत्त्या ठेवतात. सांडलेलं मेण लाकडी पट्टीने खरवडून, उरलेलं व्हाइट स्पिरिटच्या (रंग पातळ करायचं द्रावक) बोळ्याने निघतं. पाण्याचा जोरदार फवारा नकोच, पॅटिना (ब्राँझवर चढलेला रंगीत थर) उडते. खरी काळजी फिकट हिरव्या, भुसभुशीत ठिपक्यांची: आत क्लोराइड (मिठातला क्षार) राहिलं की दमट हवेत धातू पोखरत जातो. त्यावर अल्कोहोलमधलं ३ टक्के बेंझोट्रायझोल (गंज रोखणारं रसायन; हातमोजे घालूनच) आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण देतात. पण जुनं इन्क्रालॅक (ब्राँझवर देतात ते पारदर्शक संरक्षक लॅकर) जागोजागी सोललं असेल, तर आधी सगळं उतरवायचं की तेवढाच भाग? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.